जांभूळ परत लावून मिळणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक साहेब,
उद्यान विभाग, विभागीय कार्यालय,
नाशिक.

अर्जदार : रंगनाथ कारभारी बोरस्ते, एस.टी. डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त, रा. पाटकिनारा कॉलनी, नाशिक.

विषय : शेजारच्या प्लॉटवरील वाळलेल्या जांभळाच्या जागी दाट पानांचे जांभूळच लावून मिळणेबाबत.

संदर्भ : हेच झाड तोडून मिळावे म्हणून याच अर्जदाराने पूर्वी केलेले अर्ज.

महोदय,

विषय आणि संदर्भ एकापाठोपाठ वाचून आपण अर्जदाराला वेड्यात काढाल, हे अर्जदार जाणून आहे. तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

१. अर्जदाराची एकुलती मुलगी हर्षाली कॅनडात असते. गेल्या दिवाळीत तिला मुलगा झाला. तिकडे जाणे अर्जदाराच्या आवाक्यातले नाही, म्हणून कॉम्प्युटर घेतला, वेबकॅम घेतला, गच्चीवर पाइप रोवून बिनतारी इंटरनेटचा अँटेना बसवला. त्याच पाइपवर टीव्हीची छत्री. बसवणारा पोरगा सांगून गेला की अँटेना आणि टॉवर यांना एकमेकांचे तोंड दिसले पाहिजे. आणि मधोमध उभे कोण? तर शेजारी श्री. धोंडीराम महाले यांचे जांभूळ! वारा सुटला की टीव्ही गेला आणि नातवाच्या तोंडाचे चौकोन झाले. नाक जागेवर, हनुवटी भलतीकडे. साहेब, पोटच्या पोरीचे पोर असे तुकड्यातुकड्यांनी बघून बघा, म्हणजे कळेल.

२. श्री. महाले हे मूळचे पेठकडचे, देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त. तोफांनी दोन्ही कान गेलेले. अर्जदार कंपाउंडवरून घसा फाडून सांगत असे ते सगळ्या कॉलनीला ऐकू जाई, त्यांना सोडून. शेवटी पाटीवर खडूने लिहून दाखवले. त्यावर त्यांचे उत्तर असे : "पोरावानी वाढवलंय मी ह्ये झाड. पानाला हात लावशील तर तुझा हात खांद्यापासून उपटीन." आपल्या निरीक्षकांनीही पाहणी करून झाड निरोगी असल्याचा शेरा दिला. तो खराच होता. पण अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

३. बॅटऱ्यांचे ॲसिड हाताळण्यात अर्जदाराची हयात गेली आहे. झाडाच्या बुंध्याला भोक पाडून ते ओतताना श्री. महाले यांच्या पत्नी फुलाबाई यांनी पाहिले. महाले तडक गच्चीवर आले. त्यांनी पाइप पिळून वाकवला, छत्री खाली फेकली आणि अर्जदाराचा गळा धरून डोके पाण्याच्या टाकीवर आपटले. अर्जदाराने त्यांच्या खांद्याचा चावा घेतला तो रक्त तोंडात येईपर्यंत सोडला नाही. दोन म्हाताऱ्यांना सोडवायला अख्खी गल्ली लागली. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने नवा पाइप आणला.

४. मे महिन्यात नातवाचे उष्टावण ठरले. पहिला घास मामाने भरवायचा. इथे मामा नाही, म्हणून मान आजोबाचा. अर्जदाराची पत्नी आशा हिने युक्ती काढली की अर्जदाराने खिरीचा चमचा कॅमेऱ्यापुढे धरायचा, "हं" म्हणायचे, आणि तिकडे जावयाने चमचा बाळाच्या ओठाला लावायचा. इथली रविवारची सकाळ, तिथली शनिवारची संध्याकाळ. अर्जदाराने नवे धोतर नेसले. चमचा उचलला. आणि वारा सुटला. खीर चमच्यात, चमचा हवेत आणि पडद्यावर नातवाचे तोंडच नाही!

अर्जदाराने चमचा टाकला आणि गावाकडचा ऊसतोडीचा कोयता घेतला. कठड्यावर चढून आडव्या आलेल्या फांदीवर घाव घालायला सुरुवात केली. आशा भोळी बाई. बाळाला गंमत दाखवावी म्हणून तिने कॅमेरा गच्चीच्या उघड्या दाराकडे वळवला आणि म्हणाली, "बघ रे सोन्या, आजोबा तुझ्यासाठी झाड तोडतायत." फांदी कडाडून महाल्यांच्या पत्र्यावर पडली. महाले शिडी लावून वर आले आणि त्यांनी अर्जदाराची पोटरी धरून ओढली. अर्जदाराने कोयता हाणला. तो त्यांच्या उजव्या मनगटाच्या वर बसला. पांढरे हाड दिसले, चुन्याची भिंत लाल झाली. मागून किंकाळी आली म्हणून अर्जदाराने वळून पाहिले, आणि पुन्हा कोयता उचलला. तो घाव कठड्याला लागला, म्हणून श्री. महाले आज जिवंत आहेत आणि अर्जदार जामिनावर.

किंकाळी हर्षालीची होती. फांदी पडल्याबरोबर चित्र आरशासारखे स्वच्छ झाले होते. ओठ आणि आवाज त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर जुळले.

५. कोर्टाचे जे व्हायचे ते होवो, त्याबद्दल हा अर्ज नाही. हर्षाली आईशी फोनवर बोलते. एकदा अर्जदाराने रिसीव्हर हिसकावून घेतला, तेव्हा म्हणाली, "बाबा, मी ओरडले. तुम्ही वळलात, माझ्याकडे बघितलंत, आणि तरी परत उचललात. मी त्याला तुमच्यासमोर नाही बसवणार."

६. उरलेले झाड पूर्वी ओतलेल्या ॲसिडने वाळून गेले. आता मध्ये एक पान नाही. टीव्ही लख्ख दिसतो. इंटरनेटच्या सगळ्या काड्या भरलेल्या. अर्जदार दर रविवारी सकाळी कॉम्प्युटर लावून बसतो, आणि पडदा निळाच्या निळा राहतो. कॉलनीतली माणसे विचारतात, "काय बोरस्ते, नातू काय म्हणतो?" पूर्वी म्हणता येत असे, "अहो, ते झाड आडवं येतं ना." आता काय सांगावे?

तरी मेहेरबान साहेबांनी आपल्या रोपवाटिकेतील झपाट्याने वाढणारे, पाने दाट असलेले जांभूळ त्याच जागी, अँटेनाच्या बरोबर समोर, याच पावसाळ्यात लावून द्यावे. अर्जदाराचे वय झाले आहे. झाड उंच होईपर्यंत थांबणे त्याला कठीण आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
रंगनाथ कारभारी बोरस्ते
नाशिक, दि. २१ जुलै २००८

सोबत :
१) वाळलेल्या झाडाचा फोटो.
२) जागामालक श्री. धोंडीराम महाले यांची संमती. मजकूर फुलाबाईंच्या हातचा : "रोप लावा. पाणी मी घालीन. बोरस्त्याने कुंपणाच्या आत पाय टाकू नये." खाली सही, डाव्या हाताने.