आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणि एक गुप्त मत

गुरुवार, ६ मार्च

आजपासून रोजनिशी. मनात साठलेलं बायकोला, लोरीनला, सांगायला गेलो की ती म्हणते, हे तू कालच सांगितलंस. कागद असं म्हणत नाही.

मुद्दा असा. पाच एप्रिलला आमच्या पिस्तूल मंडळाचं वार्षिक प्रदर्शन. माजी सैनिकांचा हॉल, एक नवीन धरून चौदा सभासद, चौदा टेबलं, पहिल्या नंबराची निळी फीत एक. गेली तीन वर्षं ती फीत गेलन टटलच्या टायरच्या दुकानात गल्ल्यामागे लटकतेय. गेलन माझा जिवलग मित्र. मला त्याचा अजिबात हेवा वाटत नाही. फक्त टायर आता शेजारच्या गावी बदलावेत असं वाटायला लागलंय.

यंदा फीत डेल्बर्ट क्रोची. म्हणजे माझी. संकल्प केला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गेलन आला होता. दर गुरुवारी येतो. तो त्याचं एक पिस्तूल आणतो, मी माझं एक काढतो, गॅरेजमध्ये कॉफी पीत पीत आम्ही ती शेजारी शेजारी ठेवून बघतो. तरुणपणापासूनची पद्धत आहे. आज त्याने आणलं ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी म्हणालो, ठीक आहे.

जाताना म्हणाला, "डेल, लेका, तू ते आजोबांचं सहाबारी का मांडत नाहीस? बाकीची अकरा कपाटात ठेव. ते एकटंच मांड. हॉल गप्प होईल."

आजोबा टपालाच्या रेल्वेडब्यावर पहारेकरी होते. त्यांचं हे रिव्हॉल्व्हर. मुठीच्या मागच्या पोलादी पट्टीवर रेल्वे कंपनीची तीन अक्षरं ठोकलेली, खाली नंबर. बाकी सगळं तपकिरी. आजोबांचा अंगठा जिथे असायचा तिथे गुळगुळीत.

वर हेही म्हणाला, "आणि त्याला हात लावू नकोस हं. तेलाचा एक थेंब, बस्स. तो तपकिरी रंगच त्याची इस्टेट आहे."

ते रिव्हॉल्व्हर मांडायची कल्पना खरं तर माझ्या मनात आधीच होती. तो फक्त आधी बोलला.

मग त्यानेच हात पुढे केला. म्हणाला, यंदा माझं मत तुला, तुझं मला, काय? मी हात मिळवला. मत देताना मित्राचा विचार करावा, यात गैर काही नाही.

शनिवार, ८ मार्च

मंडळाची बैठक. राजमा-खिम्याची चिली बरी होती, मक्याचा पाव कोरडा.

अध्यक्ष हॉयट याने नियम वाचले. दर वर्षी वाचतो, जणू आम्ही बालवाडीत आहोत. पिस्तूल उचलण्याआधी मालकाला विचारायचं, रिकामं आहे ते आधी बघायचं, नळी माणसाकडे करायची नाही. स्वतःच्या टेबलाला मत द्यायचं नाही. चिठ्ठीवर आपलं नाव घालायचं नाही. शेवटी सगळे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचे. हा शेवटचा नियम निव्वळ रानटी आहे. मागच्या वर्षी "डेल्बर्ट, दोन" हे हॉयटने असं वाचलं की जणू मी आजारी आहे.

नवीन सभासद आल्यात. बर्निसबाई, साठीच्या पुढच्या. मसालेदार उकडलेली अंडी घेऊन आल्या होत्या, दोन मिनिटांत संपली. त्यांच्याकडे एकच पिस्तूल, आईचं. आई खेड्यापाड्यांतून बाळंतपणं करत हिंडायची, ते सोबतीला. बाईंनी ते चक्क लोकरी मोज्यात ठेवलंय. मला विचारलं, याला कधी कापडसुद्धा लावलेलं नाही, चालेल का? मी म्हटलं, बाई, भाग घेणं महत्त्वाचं. पाठीवर थोपटलं. नवख्यांना धीर द्यायला हवा.

गुरुवार, १३ मार्च

गेलनला लोरीनने ॲपल पायचा मोठा तुकडा दिला. मी मोजपट्टी लावली नाही, पण दिसतं. माझा कुत्रा, माझ्या पैशाने खाणारा कुत्रा, गेलनच्या ट्रकमध्ये जाऊन बसला आणि बोलावलं तरी उतरेना. मी रागावलेलो नाही. फक्त नोंद करून ठेवतोय.

रविवार, १६ मार्च

चर्चहून आल्यावर आजोबांचं रिव्हॉल्व्हर हिरव्या कापडावर ठेवून पाहिलं. शेजारी माझं निकेलचा मुलामा दिलेलं ठेवलं. निकेलचं म्हणजे आरसा. आजोबांचं म्हणजे तळ्याच्या गाळातून काढल्यासारखं.

आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. गेलनला ते असंच का हवंय? "हात लावू नकोस" का? तीन वर्षं फीत खाल्लेला माणूस दुसऱ्याला खरा सल्ला देईल कशाला? अकरा चकचकीत पिस्तुलं कपाटात आणि टेबलावर गंजका तुकडा! वा रे मित्रा! केसाने गळा कापायचा म्हणतात तो हा.

लोरीनला सांगितलं. ती म्हणाली, "डेल, गेलनने तुझ्या आईच्या मयताला खड्डा खणला होता, जमीन गोठलेली असताना." मी म्हटलं, तेच तर. विश्वास असाच मिळवतात.

मंगळवार, १८ मार्च

गावात जाऊन पॉलिशचं चाक आणलं. तीन प्रकारची पेस्ट. दुकानदाराने विचारलं कशाला, मी म्हटलं नळाच्या तोट्यांना. सावध राहायला हवं. गेलनचे टायर सगळ्या गावाच्या गाड्यांना आहेत.

बुधवार, १९ मार्च

झालं! काय झळकतंय! त्यात बघून दाढी करावी इतकं. आजोबांनी पाहिलं असतं तर ओळखलंच नसतं.

एक बारीकशी गोष्ट. चाक मुठीमागच्या पट्टीवर जरा जास्त वेळ राहिलं. फोन वाजला म्हणून मी तिकडे बघत होतो. विम्यावाला होता. अक्षरं गेली. म्हणजे पहिलं अक्षर तिरकं धरलं की थोडं दिसतं, निदान मला दिसतं. नंबरही गेला. पण अक्षरं तशीही पुसटच होती. आणि रेल्वे कंपनीसुद्धा कधीच बुडाली. आता ती अक्षरं कोणाच्या काय कामाची?

लोरीनने बघितलं. नंतर भांडी जोरात घासत होती.

चाक पुसून कपाटामागे ठेवलं. पसारा नको.

गुरुवार, २० मार्च

गेलन म्हणाला, आण रे ते आजोबांचं, बघू दे. मी म्हटलं, ते प्रदर्शनापर्यंत विश्रांती घेतंय. हसला. म्हणाला, बरोबर आहे, नवरीला आधी दाखवत नाहीत.

मग विचारलं, तू काय मांडणार? तर म्हणतो, "फार काही नाही. बापाचं ते छोटं बावीस कॅलिबरचं. बाकी कपाट बंद."

बावीसचं! ज्याच्याकडे पंचवीस उत्तम पिस्तुलं आहेत, तो रिकामे डबे उडवायचं बावीसचं आणणार! म्हणजे माझ्याविरुद्ध त्याला एवढंही पुरेल! इतका अपमान आजवर कोणी केला नव्हता. वर निर्लज्जपणे कॉफी दुसऱ्यांदा मागून घेतली.

आता मी मोकळा. ज्याने आधी दगा दिला त्याला दिलेला शब्द पाळायचा नसतो. माझं मत बर्निसबाईंना. त्यांना दुसरं कोण देणार? बिचारीला एक तरी पडू दे. आणि गेलनला एक कमी पडलं तर कळणार कोणाला? मत गुप्त असतं. पंधरवड्याने बघू.

शुक्रवार, ४ एप्रिल

उद्या. फितीसाठी दिवाणखान्यात खिळा ठोकला. लोरीन म्हणाली, आधी फीत तर येऊ दे. या घरात उत्साह म्हणून नाही.

शनिवार, ५ एप्रिल, सकाळी

निघतोय. निळा शर्ट. दोन वाक्यांचं आभाराचं भाषण पाठ केलंय. गेलनला त्यात माफ केलंय.

शनिवार, ५ एप्रिल, संध्याकाळी

लिहायची इच्छा नाही. पण नोंद हवी.

दारात हॉयट प्रत्येक पिस्तूल रिकामं आहे ना ते बघून त्यात प्लॅस्टिकची पट्टी अडकवत होता. माझं हातात घेतलं. उलटं केलं. परत सुलटं केलं. मला वाटलं, दिपला. म्हणाला, "डेल... हे तेच का?" मी म्हटलं, तेच. म्हणाला, "बरं." आणि पट्टी फार हळू अडकवली.

मग एकेक जण आला. विचारून उचलायचा, मूठ उलटी करायचा, मागच्या पोलादी पट्टीवर बोट फिरवायचा आणि ठेवून द्यायचा. कोणी म्हणालं, छान चमकतंय. कोणी म्हणालं, मेहनत घेतलीस. आम्ही पिस्तूलवाले दुसऱ्याच्या वस्तूला नावं ठेवत नाही, तो आमचा शिष्टाचार आहे. त्यामुळे त्यांना खरोखर आवडलं असणार.

गेलन सगळ्यात शेवटी आला. हातात पुठ्ठ्याचं एक पाकीट होतं. त्याने रिव्हॉल्व्हर उचललं आणि बराच वेळ धरून राहिला. अंगठा आजोबांच्या जागेवर ठेवला. मी वाट बघत होतो, आता बोलेल काहीतरी टोचून, म्हणजे मला उत्तर देता येईल. त्याने ते खाली ठेवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाकीट काखेत धरून आपल्या टेबलाकडे गेला. टेबलावर ते बावीसचं एकटं. शेजारी कोणी फिरकत नव्हतं.

गर्दी सगळी बर्निसबाईंकडे. मोज्यावर ते छोटं पिस्तूल, ओरखडे, डाग, मुठीवर आईच्या अंगठीने पडलेला खड्डा. बाई सांगत होत्या, बर्फात घोडा अडला तेव्हा आई रात्रभर हे मांडीवर घेऊन बसली होती. मोठमोठे बाप्ये नाकं पुसत होते. पिस्तुलाला कापड न लावणं म्हणजे आळस, पण लोकांना आजकाल आळस आवडतो.

चिठ्ठ्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात पडल्या. मी ठरल्याप्रमाणे बर्निसबाई लिहिलं.

हॉयटने वाचायला घेतलं. बर्निसबाई, नऊ. टाळ्या. हॉयट स्वतः, चार. डेल्बर्ट, एक.

मग तो थांबला. चष्मा पुसला. बाकीची नावं भरभर वाचली, सगळ्यांना शून्य, जणू त्यात एक नाव लपून जाईल. गेलन टटल, शून्य.

गेलनने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छताला कोपऱ्यात पाणी मुरलंय, हॉयटला सांगायला हवं.

भाषण केलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

चर्चला गेलो नाही. पाय दुखतोय.

चांगल्या बाजूने बघायचं तर मला एक मत पडलं. म्हणजे या मंडळात एक तरी जाणकार आहे. कोण असेल? हॉयट नाही, त्याचं तोंडच सांगत होतं. बर्निसबाई असतील, मी थोपटलं होतं ना. लोरीनला विचारलं, तुला कोण वाटतं?

ती उठून खिडकी बंद करून आली. म्हणाली, "डेल, तू खरंच इतका येडा आहेस की सोंग करतोस?"

मी म्हटलं, सोंग कसलं?

म्हणाली, "गेलन. दुसरं कोण? तुझा शब्द, त्याचा शब्द. त्याचा पडला. तुझा कुठे गेला, हे चौदा माणसांसमोर वाचून दाखवलं हॉयटने."

मी म्हटलं, तो हरावा म्हणून मी थोडंच... शून्य पडेल हे मला काय माहीत? त्यानेच ते दळभद्री बावीसचं आणलं!

"का आणलं असेल?" लोरीन म्हणाली. "एवढं तर विचार स्वतःला."

मी विचारलं नाही. डोकं दुखत होतं.

मंगळवार, ८ एप्रिल

दारात ते पुठ्ठ्याचं पाकीट. ट्रकचा आवाज ऐकला होता, पण बाहेर जाईपर्यंत तो वळणावर गेला होता. कुत्रा रस्त्यापर्यंत धावत गेला.

पाकिटात फ्रेम. काचेमागे पातळ कागद, त्यावर शिसपेन्सिल घासून उतरवलेली तीन अक्षरं आणि नंबर. मुठीची पट्टी जशीच्या तशी, एका बाजूला अंगठ्याने झिजलेली. गेलन असे छाप घेत असतो, त्याला सवय आहे. हा त्याने कधीतरी एखाद्या गुरुवारी घेतला असणार, मी कॉफी आणायला आत गेल्यावर. खाली सुबक अक्षरात: "टपालाच्या डब्यावरचे पहारेकरी क्रो यांचं रिव्हॉल्व्हर. मालक, त्यांचा नातू डेल." टेबलावर रिव्हॉल्व्हरशेजारी उभी करायला मागे टेकूही लावलेला.

त्याने बनवली होती माझ्या टेबलासाठी.

आता सांगायचं तर, हे त्याने मुद्दाम पाठवलंय. मला खजील करायला. हा तर सगळ्यात मोठा विश्वासघा

बुधवार, ९ एप्रिल

कालचं वाक्य पुरं होत नाही. दोनदा बसलो.

रिव्हॉल्व्हर फ्रेमशेजारी ठेवून पाहिलं. आजोबा कागदावर आहेत. पोलादात माझंच तोंड दिसतं.

फ्रेम दिवाणखान्यातल्या त्या खिळ्याला अडकवली. बरोबर बसली.

गुरुवार, १० एप्रिल

गॅरेज झाडलं. आज काहीतरी साधं काढून ठेवलं, म्हणजे त्याचं माझ्यापेक्षा चांगलं ठरेल. लोरीनने ॲपल पाय केला होता, मोठा तुकडा मी स्वतः बाजूला काढला. बोलायचं काय ते पाठ केलं. दोन वाक्यं. यात माफी मीच मागतोय.

नेहमीची वेळ झाली. कॉफी ओतली, दोन कप. कुत्रा दारात बसला, रस्त्याकडे तोंड करून.

एक कप मी प्यायलो. दुसरा गार झाला तेव्हा तोही मीच प्यायलो.