बारा घरांची पहिली पाळी

भिलाई, ता. १४ जानेवारी १९६२

चि. सौ. सिंधूस मारोतदादाचे अनेक आशीर्वाद.

सोमवारी पहाटे आमच्या ठेकेदाराच्या नव्या इमारतीत जिन्याखालचा मेन बोर्ड जळाला. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना आपल्या गावची शकू धुरात गुदमरून गेली.

इमारतीतल्या बारा घरांना किती वीज लागेल, हे मी ठरवलं होतं. काम विजेच्या इंजिनिअरचं. पण ठेकेदार म्हणाले, तुम्ही बी.एस्सी. आहात, इंजिनिअरसाठी कावून, कशाला थांबता? मला ते गोड लागलं. सगळी घरं एकदम वीज वापरत नाहीत, निम्मा भार धरावा, असं पुस्तकात होतं. मी धरला. इथे मात्र बाराही घरांची कारखान्यात पहिली पाळी, साडेचारला बाराही हीटरांवर डब्याची भाजी. केबल बारीक होऊन राहिली साहेब, असं नत्थू वायरमन म्हणाला होता. मी हसलो होतो.

आता ठेकेदार नत्थूच्या जोडणीला दोष देतात आणि मी गप्प आहे. चौकशी येत्या शुक्रवारी. खरं बोललो तर नोकरी जाईल. तुझ्या वहिनीला काही सांगितलेलं नाही.

तुझा मारोतदादा

तिरोडा, ता. १७ जानेवारी

ती. दादास सिंधूचा शि. सा. न.

माझ्या पाटीवरची चुकलेली बेरीज पाहून कान पिळणारा तूच ना? शकूची आई गिरजाबाई रोज दारात येऊन बसते. माही पोरगी कावून मेली, तुह्या दादाले इचार, म्हणते. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत पळते. आमच्याकडचे म्हणतात, दादानं गप्प राहावं, नत्थूले दुसरं काम भेटते. मले नाही पटत. मग वहिनी आठवते अन् तुला खरं बोल असं लिहायला हात उठत नाही. गिरजाबाईले काय सांगू, तेवढं कळव.

तुझी सिंधू

भिलाई, ता. २० जानेवारी

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.

चौकशीत सांगितलं : आकडा माझा, सही माझी, काम माझं नव्हतं तरी मी केलं. नत्थू सुटला. बाहेर त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. अकरा दिवस त्याच्या नावावर मी सुखरूप होतो, त्यानं का पाहावं? मला घरी बसवलं आहे. वहिनी कालपासून बोललेली नाही.

नवी केबल आता इंजिनिअर ठरवणार. तो दारोदार जाऊन बायकांना विचारत होता, हीटर किती वाजता लागतो. मी कुणालाच विचारलं नव्हतं.

हे पत्र गिरजाबाईंना वाचून दाखव. माझं नाव वगळू नकोस. ऐकून त्या उठून गेल्या तर अडवू नकोस, आणि मग तुलाही माझी चीड आली तरी चार ओळी लिहीत जा.

मारोत