जित्या माणसांची घागर

आबा, तुम्ही खोटं बोललात. तुमची राख तापीत सोडून कितीतरी वर्षं झाली, पण मला हे कळलं आत्ता. अक्षर वाकडं आहे. शाळेतून मला चौथीतच काढलंत, तेव्हा वाचताना कुरकुर करायची नाही.

माझी नात जळगावला कॉलेजात जुन्या काळाचा भूगोल शिकते. नदी आधी कुठून वाहायची, गावं कुठून कुठे सरकली, असलं. बाईंनी तिला पुरात गेलेलं एक गाव शोधायला सांगितलं. मी मेथी निवडत होते. म्हटलं, माझ्या मायचं गाव घे, शिंदखेड्याच्या बाजूला, तापीच्या पल्याड, एका पुरात सगळं गेलं. पोरगी खूश. परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयानं साहेबाच्या काळातले आपल्याकडचे नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवलेत म्हणे. त्यात गाव सापडलं. मग तिनं त्या नकाशाखाली आजचा, आभाळातून काढलेला फोटो ठेवला आणि बोटानं नकाशा पुसट करत नेला. नदी होती तिथेच. गावही तिथेच, उलट छपरं वाढलेली, पाण्याची टाकी झालेली.

"आजी, कुठे बुडालंय हे? चांगलं उभं आहे की."

"दुसरं असेल. डोळे फाडून बघ. पाठीला पाठ लावलेली दोन देवळं पाहिजेत."

तिनं फोटो मोठा केला. दोन्ही देवळं होती. मायच्या कडेवर बसून पाहिलेली.

माय गेल्यावर तेराव्याला दोन पागोटेवाले दारात आले होते, ते अजून दिसतात. तुम्ही ओट्यावर उभे. मोठा म्हणतो, "आम्हाला आजारपणात का नाही कळवलं?" तुम्ही त्यांना पाणीसुद्धा विचारत नाही. ते मामा होते, हे मला त्यांची पाठ वळल्यावर कळलं. त्या पावसाळ्यात पूर आला आणि तुम्हाला आयतंच निमित्त सापडलं. मी मामाकडे जायचा हट्ट धरला तेव्हा जेवतं ताट सरकवून ओरडलात, "तुना मामासनं गाव तापीमा बुडी गय! बठ्ठं! आते तठे फक्त पानी शे." मी पुन्हा विचारलं नाही.

अखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या पोरी आयांबरोबर मामाकडे जायच्या. मी घरात खापरावर पोळ्या भाजायची. तुम्ही निंबाला झोका बांधून दिलात, स्वतः हलवलात. केवढी माया, वाटायचं मला. रडक्या पोराच्या हातात खुळखुळा देतात, तसला तो झोका होता, आबा.

आणि घागर? अखाजीला पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, त्यात तुम्ही मायच्या घागरीशेजारी मामांचीही मांडायला लावलीत. वर आंबा ठेवायचा, हात जोडायचे. लग्न होऊन आले तरी मी ते सोडलं नाही. पलीकडे माझे मामा भाकर खात असतील आणि मी अलीकडे त्यांना पितरांत बसवून पाणी पाजत होते. तुम्ही ओट्यावरून बघत होतात. तंबाखू मळत. भांडण तुमचं होतं. "जायचं नाही" म्हणाला असतात तर तुम्हाला शिव्या घालून का होईना, कधीतरी गेले असते. मेलेल्या गावाला कोण जातं?

यंदाच्या अखाजीला आम्ही दोघी जाणार आहोत. मामा आता नसतीलच. आधी विचारीन कोण कधी गेलं, मग ज्याची भरायची त्याची घागर भरीन. तुमची भरीन की नाही, सांगत नाही.

हा कागद धाडायचा कुठे? ठेवते डाळीच्या डब्याखाली. पण एक सांगायचं राहिलं. नात विचारत होती, "गाव बुडालं असं तुला सांगितलं तरी कोणी?" तुमचं नाव अगदी ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "लोक म्हणायचे." माझ्या बापाला खोटारडा मी म्हणेन. तिनं नाही म्हणायचं.