चाळिसावी रेघ

प्रिय मनाली,

तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे का गं? शेलूला मामाकडे राहायला गेलीस आणि तीन वर्षांत शाळेकडे एकदाही फिरकली नाहीस. परवा तुझ्या आजी, आनंदीबाई, बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "पोरगी दहावीला गेली, पन गणिताचं पुस्तक उघडलं का तिचं हात गार पडतात."

आपल्या गावासमोर हायवेवर पादचारी पूल झाला. रसायनीला कामाला जाणारी माणसं आता वरून जातात. तुम्ही सातवीत रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची मोजणी केलीत, तिच्यामुळे तो झाला, असं सगळे म्हणतात. गणिताच्या तासाला ताळ्याच्या खुणा, म्हणजे माणसामागे एक रेघ, आणि आलेख, मराठीच्या तासाला निवेदन, आणि दोन्हींतून गावाचं एक काम. कर्जतच्या शिक्षक प्रशिक्षणात मला दरवर्षी बोलावतात, शिकणं आणि गावाची सेवा एकत्र कशी करायची ते सांगायला. मी पडद्यावर तुझा कागद दाखवते. चाळीस रेघा, शेवटची जरा वाकडी. सगळे टाळ्या वाजवतात आणि मला त्यातही ट्रकचा ब्रेक ऐकू येतो.

नियम मीच घातला होता. माणूस रस्ता ओलांडून पोचला की मगच रेघ ओढायची, कारण काही जण अर्ध्यातून मागे फिरतात. त्या सकाळी रस्त्यात तुझे हिरामण आजोबा दिसले आणि तू आनंदानं आधीच रेघ ओढलीस. ते पोचलेच नाहीत.

तेराव्यानंतर तू शाळेत आलीस आणि माझा पदर धरून म्हणालीस, "बाई, मी रेघ आधीच ओढली वो. म्हनून आजोबा पोचलं नाय." मी तुला जवळ घेतलं, वेडी आहेस का म्हटलं. तुला ते पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. गावानं ठरवलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, हॉर्न कळला नाही. मीही मान डोलावली. भित्री आहे मी, मनाली. पूल झाला त्या दिवशी माझा सत्कार झाला, तेव्हाही मी गप्प राहिले.

हे पत्र त्यासाठीच. नऊ वाजत आले होते, मोजणीचा तास संपत होता आणि रेघा एकोणचाळीसच झाल्या होत्या. निवेदनात 'तासाला चाळीस माणसं' असं लिहायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. आजोबा पलीकडे पानटपरीजवळ निवांत उभे होते, त्यांना इकडे यायचंच नव्हतं. मी हात केला, ओठांशी कप धरल्यासारखं करून चहाला बोलावलं. त्यांनी हसून मान हलवली आणि माझ्याकडे बघत रस्त्यात उतरले. रस्त्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. तू कागदावर वाकली होतीस. मान वर केलीस तेव्हा ते रस्त्याच्या मधे होते. उद्या मी आनंदीबाईंना हे सांगणार आहे, पण आधी तुला. यापुढे मला बाई म्हणायचं की नाही, ते तू ठरव. गणिताचं पुस्तक मात्र उघड, बाळा. तुझ्या रेघेचा काहीच दोष नव्हता. आजोबांना मी बोलावलं होतं.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
सुप्रियाबाई