दोन कट्टे हळद आणि तज्ज्ञांची बैठक

राजमान्य राजेश्री ओमप्रकाशराव जावईबापू यांस, कुरुंद्याजवळच्या तांड्यावरून सासरे रूपसिंग यांचा रामराम. इकडं सगळे खुशाल. रीताची कंबर कशी आहे? (लिफ्ट असून दुखते, याचं तिच्या आईला नवल वाटतं.)

पत्रास कारण, शितलची हळद. तुमच्या धाकट्या मेव्हणीनं स्वतः पिकवून, दळून दोन कट्टे भरलेत आणि रविवारी पुण्याच्या बचत गट प्रदर्शनात तिचा पहिलाच स्टॉल आहे. माल वेळेवर पोचला नाही तर पोरगी रिकाम्या टेबलामागं उभी राहील, याचा मला घोर लागलाय. म्हणून बैठक बोलावली. आपले पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, त्यामुळं मालवाहतुकीत तांड्यातला प्रत्येक माणूस जन्मजात तज्ज्ञ (प्रेमदास वसमतच्या पुढं गेलेला नाही, पण अध्यक्ष तोच).

ट्रान्सपोर्ट स्वस्त, पण ट्रक भरल्याशिवाय हलत नाही, आणि कधी भरेल ते मालकालाही ठाऊक नाही. रेल्वे सगळ्यांना पसंत पडली. मग पार्सल नांदेडला नेऊन द्यावं लागेल असं कळलं, तेव्हा नांदेडपर्यंत कशानं न्यावं यावर दुसरी बैठक बसली. ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर पावती देत नाही म्हणून प्रेमदासनं त्याला बाद केलं आणि (तो त्याचा साडू निघाल्यावर) पुन्हा घेतलं. कुरिअरवाल्यानं सांगितलेल्या भाड्यात शितलचं पुण्यात बिऱ्हाड थाटून झालं असतं. भिकाबाई आत्याचं एकच, "बैलं काहून इकले रे? बैलानं कदी पावती मागितली का?" अध्यक्षांनी तोही पर्याय खुला ठेवलाय. तरी आपण पुण्यात चौकशी करून मत कळवावं.

आपला,
रूपसिंग

ता. क. शितल आत्ता आली. "बा, तुमचं चालू द्या, मी निगाले," म्हणाली. कट्टे रिक्षात टाकलेत, वसमतहून एसटी धरणार. हे पत्र तीच आणून राहिली आहे. कट्टे तेवढे उतरवून घ्या.

दुसरा ता. क. (रिक्षावाला हॉर्न वाजवतोय) एसटीनं माल पाठवण्याचा ठराव आत्ताच एकमतानं मंजूर झाला. तांड्यावरून कुणाचा फोन आला तर एसटी बैठकीनंच निवडली, असं सांगा. खरी विनंती अशी, की रविवारी तुम्ही दोघं तिच्या शेजारी उभे राहा. मला पोरीचा फार अभिमान वाटतो, पण बैठकीत तसं बोलता येत नाही. आणि स्टॉल उठला की तिला तिच्या मनानं येऊ द्या. तिला परत कशानं आणावं यावर इथं चर्चा सुरू झाली आहे, आणि दिवाळीपर्यंत काही निकाल लागायचा नाही.