घेरी कोणाच्या पोटात?

प्रिय धाकट्या,

तुझी चिठ्ठी पोचली. गजर वाजला, चिमणी दचकून उठली आणि धाडकन आडवी झाली; दोन मिनिटांत उठून दूध मागायला लागली, अगदी आजोबांची नात शोभते, असं लिहिलंयस. आधी मीही हसले. मग हसू मावळलं. तिच्याच जिवाचं बोलायचं आहे, पण धीर होत नाही म्हणून जरा लांबून येते.

आपला काळा फोन आठवतो? बाबा पेपर वाचत बसलेले असायचे आणि तो अचानक खणखणला की कधीकधी पांढरेफटक पडून खुर्चीतच कलंडायचे. आई तोंडावर पाणी मारायची. डोळे उघडून यांचा पहिला प्रश्न काय, तर कुणाचा फोन होता! मामा म्हणायचा, भावजींना पाहुण्यांची धास्ती आहे. आणि तू तर गणिताच्या पेपराला, घंटा झाली तशी बाकावरून खाली. मास्तरांनी नाटकी म्हणून कान पिळला, मी वर्षभर घेरीमास्तर म्हणून चिडवलं. किती हसायचो रे आपण. ते घर, ती दुपारची उन्हं आठवली की अजून गलबलून येतं.

माझ्या कामाला तू कारकुनी म्हणतोस. असेल. पेशंट आपल्या दुखण्याला शंभर नावं देतात. त्या प्रत्येक शब्दाला आम्ही कॉम्प्युटरमध्ये घर शोधून देतो. कोणता शब्द कोणत्या मोठ्या दुखण्याच्या पोटात जातो, त्याचं गणगोत कोणतं, हे ठरवतो. ते नीट लागलं की हॉस्पिटलच्या नोंदी आणि जनुकांबद्दलचं ज्ञान एकमेकांना ओळखतात. चुकलं, तर समोरासमोर बसूनही अनोळखी राहतात.

तुझी चिठ्ठी वाचली त्याच दिवशी मी आमच्या यादीत घेरी शोधली. ती चक्करच्या पोटात निघाली. तिथे चक्कर म्हणजे नुसतं डोकं गरगरणं; आपल्याकडे घेरी म्हणजे माणूस पडतो, शुद्ध जाते. मी तिला तिथून काढून शुद्ध हरपण्याखाली ठेवलं आणि जुन्या नोंदी पुन्हा चाळायला लावल्या. अकरा पेशंट वर आले, सगळ्यांच्या खुणा एकाच आजाराशी जुळणाऱ्या. दचकून बेशुद्ध पडणं, हृदयाच्या ठोक्यांचा दोष, तोही आईवडिलांकडून मुलांत उतरणारा. अकरांत एक आपले बाबा होते. तीन वेळा घेरी, तिन्ही वेळा नर्सनं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलेली. सोबतचा जुना ईसीजी मी आमच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी त्यातला तोच दोष बोटानं दाखवला आणि विचारलं, घरात आणखी कोणाला घेरी येते?

आता खरं सांगते. घेरीला चक्करच्या पोटात घातलं ते मीच. नऊ वर्षांपूर्वी, चहाच्या आधी यादी संपवायच्या घाईत. शब्दापुढे माझी सही आहे. त्यानंतर चार वर्षांनी दाराची बेल वाजली आणि बाबा उठलेच नाहीत. आपण म्हणालो, वय झालं होतं. बाई म्हणतात, वेळीच कळलं असतं तर बहुतेक साध्या गोळ्यांवर भागलं असतं. आईला अजून सांगितलेलं नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर मी समजेन. पण मंगळवारी दहा वाजता बाईंची वेळ घेतली आहे, चिमणीची आणि तुझी, दोघांचीही. तोवर तिला हाका मारून नको, जवळ बसून, पाठीवरून हात फिरवून उठव. माझ्यावर रागवायला जन्म पडला आहे. आधी पोरीला घेऊन ये.

वाट पाहणारी, तुझीच
ताई