घरच्या लोकसभेचा सभापती

६ मे १९५६, रविवार
दिल्लीत लोकसभेत वारसा बिल गाजतं आहे. मुलींना वाटा! मी पहिल्यापासून मुलींच्या बाजूचा. काल ऑफिसात यावर तासभर बोललो. सगळे इतके रंगले की चहालाही कोणी उठलं नाही. (दारात मी उभा होतो.)
निश्चय : घरातही लोकशाही. दर रविवारी घरची लोकसभा भरवायची. सभापती मी. हातांची खुर्ची घरात एकच आहे आणि तिच्यावर मीच बसतो.

७ मे
नियम तयार. मताधिकार एकविसाव्या वर्षी. मुलगी जयंती अठराची, तेव्हा तिनं प्रेक्षक म्हणून स्वयंपाकघराच्या दारात बसायचं. सौ.नं विचारलं, मग आमटी कोण ढवळणार? आगाऊ सूचना न देता विचारलेला प्रश्न. फेटाळला.

१३ मे, रविवार
पहिली बैठक. हातोडा नव्हता, बत्ता आपटला. सौ.चा प्रश्न : वाळ्याचे पडदे कधी लागणार? मी : माहिती गोळा करण्यात येत आहे. बाहेर लूच्या गरम झळा सुटलेल्या. धाकटा भाऊ सदाशिव (बँकेत असतो, अविवाहित) घामानं निथळत होता. उत्तर मात्र अस्सल संसदीय होतं.
चटणी कुटायची म्हणून बत्ता परत मागितला गेला. कामकाज तहकूब.

३ जून, रविवार
नागपूरहून उत्तमरावांचं पत्र. त्यांना मुलासाठी जयंती पसंत आहे. मुलगा रेल्वेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बार उडवून देऊ म्हणतात. स्थळ सोन्यासारखं.
जयंतीला मेडिकलला जायचं आहे! इंटरला फर्स्ट क्लास आला, कबूल. पण पाच वर्षं? रडली. "मतलब, माझं काहीच नाही?" म्हणाली. मला वाईट वाटलं, पण जबाबदार माणसाला वाईट वाटून चालत नाही.
सौ. म्हणाली, लोकसभेपुढे ठेवा. आनंदानं मान्य केलं. आईचं मत माझं. सदाशिवचंही माझंच. सौ. एकटी पडणार. सभापतीनं मत द्यायचं नसतं, समसमान झाली तरच द्यायचं. एवढं औदार्य मला परवडतं.
उत्तमरावांना 'पक्कं समजा' असं लिहून टाकलं.

९ जून
निकालानंतरचं भाषण पाठ केलं. 'पराभूत बाजूनं मन मोठं करावं' या वाक्याला मीच टाळ्या वाजवल्या.

१० जून, रविवार
सभा सकाळी. जेवायला पुरणपोळ्या. सण कुठला, ते कळलं नाही.
ठराव : जयंतीला मेडिकलला पाठवावं. सौ.चा हात वर. अपेक्षित.
आईचाही हात वर!
मी म्हटलं, आई, नीट ऐकू आलं ना? ती म्हणाली, चांगलं ऐकू आलं. नवव्या वर्षी माझं लग्न ठरवलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आज विचारताय, तर फुकट घालवू होय? आणि तुला सांगायचं राहिलं. बावन्न सालच्या निवडणुकीत तू सांगितलेल्या पेटीत मी मत टाकलंच नव्हतं.
चार वर्षं मी लोकांना त्या मताचा दाखला देत होतो!
सदाशिवकडे पाहिलं. तो तटस्थ. तोंडात पुरणपोळी. सभेनंतरची पोळी सभेआधीच त्याच्या पानात कशी पडली, याची चौकशी व्हायला हवी.
दोन विरुद्ध शून्य. ठराव मंजूर झाल्याचं मलाच जाहीर करावं लागलं. बत्ता पायावर पडला.

११ जून
उत्तमरावांना पत्र : 'सभागृहाच्या निर्णयापुढे माझा नाइलाज...' फाडलं. 'मुलगी अजून लहान आहे' असं लिहिलं.

२० जून
वारसा बिलावर सही झाली, कायदा झाला, असं पेपरात. ऑफिसात सांगितलं की मुलीला डॉक्टर करतोय. सगळे म्हणाले, वा, साहेब सुधारक! मी नम्रपणे हसलो. मुळात कल्पना माझीच होती.

२४ जून, रविवार
सौ.चा ठराव : जयंतीला अभ्यासाला हातांची खुर्ची द्यावी. तिन्ही हात वर. सदाशिवचा सगळ्यांत आधी.
खुर्ची न्यायला जयंती आली. मी बसलेलोच होतो. ती हळूच म्हणाली, बाबा, तुम्हांला मत असतं तर कुणाला दिलं असतंत?
मी म्हटलं, सभापतीनं ते सांगायचं नसतं.
बरं, म्हणाली. मी उठेपर्यंत थांबली आणि खुर्ची उचलून घेऊन गेली.
हे पाटावर बसून लिहितो आहे.